एका संगणकात दोन संगणक

आमच्या संघाच्या कार्यालयात मोठा संगणक एकच आहे, पण त्याच्या पोटात दोन चालतात. एकात बचतगटांचा हिशोब, दुसऱ्यावर मुली शिकतात. अशा आतल्या संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका घरात दोन चुली, पण भांडण नाही!

शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून आम्ही ती ‘व्हर्ट-मॅनेजर’ या मोफत प्रोग्रॅमने सांभाळतो. यादीतल्या नावावर दोनदा क्लिक केलं की त्या मशीनचा पडदा समोर उघडतो.

मार्चमध्ये हिशोबाचं मशीन अडकलं. घाईत आम्ही ‘फोर्स ऑफ’ दाबलं. म्हणजे चालू गिरणीची वायरच उपटली! दिवसभरात भरलेल्या हप्त्यांच्या नोंदी गेल्या. पावत्या होत्या, म्हणून रात्री दहापर्यंत बसून पुन्हा भरल्या. आता आधी ‘शट डाउन’ दाबतो आणि चार मिनिटं थांबतो.

‘डिलीट’ला तर फारच जपा. तिथे सोबतच्या फायली पुसण्याची चौकट असते. तिच्यात टिक राहिली, तर मशीनबरोबर हिशोबही जातो.

काही बदलण्याआधी आम्ही स्नॅपशॉट घेतो, म्हणजे मागच्या स्थितीवर परतता येतं. पण आमचा स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क बिघडली की तोही गेला. म्हणून दर शनिवारी वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत काढतो, आणि ती खजिनदारताईंच्या घरी ठेवतो.