पाकिटावर आपलं नाव



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. तरी आज तुरुंगात पत्र कसं पाठवायचं, यावर बोलणार आहे. कारण ते मी स्वतः उशिरा शिकलो.

इथल्याच शाळेतला माझा एक मित्र न्यायाधीन बंदी आहे. प्रकरण कोर्टात आहे, त्यावर बोलणार नाही. अटकेनंतर आठ महिने मी त्याला एक ओळ लिहिली नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो, आणि मला त्याचीच भीती होती. नोकरीचं काय? पासपोर्टचं काय? मग एकदा त्याची अम्मी मुलाकातीहून आल्या आणि म्हणाल्या, "तो विचारतो, सगळे मित्र मीरा रोड सोडून गेले का?"

त्याच रात्री पत्र लिहिलं. ते परत आलं. चूक माझीच. मी त्याचं घरातलं नाव लिहिलं होतं आणि बंदी क्रमांक टाकलाच नव्हता.

तेव्हा हे लक्षात ठेवा. तुरुंगाच्या नोंदीत आहे तसंच पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. बंदी क्रमांक, बरॅक, कारागृहाचा पत्ता, पिनकोड. मागे आपलं नाव आणि पत्ता. पत्र उघडून वाचलं जातं, हे गृहीत धरा. अक्षर स्वच्छ ठेवा. मराठीत किंवा हिंदीत लिहिलं तर तपासायला सोपं जातं. खटल्याबद्दल काही लिहू नका, ते वकिलांवर सोडा. पाकिटात नोटा घालू नका. पैशासाठी मनीऑर्डर आहे. पुस्तक, औषध, चष्मा पाठवायचा असेल तर आधी कारागृहात विचारा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा.

सगळं नीट करूनही अडवलं तर? अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कोर्ट आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तळोजा कारागृहात गौतम नवलखा यांचा चष्मा हरवला. टपालाने पाठवलेला नवा चष्मा स्वीकारला नाही, अशी घरच्यांची तक्रार होती. माणुसकी सर्वांत महत्त्वाची, असं मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा बजावलं.

त्याहून जुनी गोष्ट आपल्या मराठीचीच आहे. प्रभाकर संझगिरी मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये संझगिरी जिंकले. नियमात मनाई नसताना असं अडवणं हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे कैद झाली म्हणून माणसाचे सगळे हक्क संपत नाहीत.

माझं दुसरं पत्र पोहोचलं. उत्तरही आलं. त्यात तक्रार नव्हती, आठ महिन्यांचा हिशेबही नव्हता. त्याने विचारलं होतं, "मेट्रोचं काम कुठवर आलं?"

मित्राला पत्र लिहिणं हा गुन्हा नाही. तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल, तर आज घरी गेल्यावर बंदी क्रमांक विचारून घ्या. आणि पाकिटावर आपलं नाव पूर्ण लिहा.