शिळेवरचं नाव



शताब्दीनिमित्त मठात शिळा बसवून तीवर दिंडीतल्या वैकुंठवासी वारकऱ्यांची नावे कोरावीत, असे ठरते आहे. त्याविषयी आमचे दोन शब्द.

पंढरीत महाद्वारापुढे चोखोबांची समाधी आहे. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले, चोखोबा त्याखाली गेले. नामदेवराय अस्थी आणायला गेले, तर ढिगाऱ्यात कितीकांची हाडं! ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. ओळख पटायला लेख लागला नाही, नाम लागलं.

पण माउली, बाकीची हाडं कुणाची? ते कुणी सांगत नाही.

आणि ज्या दारापुढे चोखोबा निजले, ते दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तेव्हा आपली दिंडी चालतच होती. पंगत मात्र वेगळी बसे, हे आम्ही म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलंय.

आपल्या जुन्या वहीत विणेकरी, चोपदार सापडतात. डोईवर तुळस नेणाऱ्या, पहाटे भाकऱ्या थापणाऱ्या बाया मात्र ‘अमक्याची आई’ एवढ्याच. वेगळ्या पंगतीतले तर तेवढेही नाहीत.

म्हणून शिळा घडवण्याआधी घरोघर जाऊन ही नावं विचारू. जी सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी जागा कोरी ठेवू. नामदेवरायांनी पायरीची जागा मागितली. आपली शिळाही देवाशेजारी नको, दाराशीच बसवू.

रामकृष्णहरी!