पहिली मोठ्या बोअरची लिव्हर रायफल



अमेरिकेतील ओहायो राज्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने, तेथील रीतीप्रमाणे शिकारीचे शिक्षण घेऊन, परवाना काढून आणि काही हंगाम मित्राच्या बंदुकीवर भागवून झाल्यावर, मला पत्राने विचारले आहे की, "मामा, आता स्वतःची रायफल घ्यावी म्हणतो, आणि ती मोठ्या बोअरची लिव्हर रायफलच असावी असे मनात आहे, तुमचा या विषयाचा व्यासंग जुना, तेव्हा कोणती घेऊ?" मोठ्या बोअरची लिव्हर रायफल म्हणजे रुंद नळीची, चापाखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरावयाची रायफल. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे प्रकरण निकालात काढले, आणि ते योग्यच झाले, परंतु अमेरिकेत हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम तेथील राज्यांची वन्यजीव खाती परवानाधारक शिकाऱ्यांकडूनच करवून घेतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न अद्याप रोजच्या व्यवहारातला आहे. भाच्याला पाठविलेल्या उत्तराचा थोडा विस्तार करून तो आज आपणांपुढे ठेवीत आहे.

त्या उत्तरातील पहिले वाक्य असे होते की, बंदुकीचा विचार तूर्त बाजूला ठेव आणि तू जेथे उभा राहणार तेथून हरीण किती वारांवर दिसणार ते मला आधी कळव. ओहायो हा बराचसा सपाट शेतीचा आणि दाट वस्तीचा मुलूख. दूरवर जाणाऱ्या वेगवान गोळ्यांची तेथे धास्ती, म्हणून हरणाच्या शिकारीस रायफल वापरण्याची तेथे मनाईच असे, आणि छऱ्याच्या बंदुकीतून एकसंध शिशाची गोळी उडविणे किंवा तोंडाने भरावयाची बंदूक वापरणे हीच प्रमुख वाट शिकाऱ्याला उरे. २०१४ च्या हंगामापासून सरळ भिंतीच्या, म्हणजे मानेपाशी निमुळत्या न होणाऱ्या काडतुसांच्या रायफलींना मुभा मिळाली, आणि नळी व कोठार मिळून तीनच काडतुसे भरावीत अशी अट त्यासोबत घातली गेली. या एका फेरफाराने, संग्राहकांच्या कपाटात मानाने विसावलेल्या कित्येक जुन्या काडतुसांना पुन्हा शेताच्या बांधावर बोलावणे आले. त्यांत अग्रभागी होते ते ४५-७०.

हे काडतूस अमेरिकन लष्कराने १८७३ साली स्वीकारले. नळीचा व्यास इंचाचे पंचेचाळीस शतांश, काळी दारू सत्तर ग्रेन, आणि शिशाची गोळी ४०५ ग्रेनांची, म्हणजे आपल्या जुन्या मापाने बरोबर सव्वादोन तोळ्यांची! त्या काळच्या लिव्हर रायफली पिस्तुलाच्या योग्यतेच्या लहान काडतुसांवर चालत, आणि एवढे लांब व जोरकस काडतूस पेलण्याची ताकद त्यांच्या सांध्यांत नव्हती. ती अडचण पक्केपणाने दूर केली जॉन मोझेस ब्राउनिंग या युटा राज्यातील ऑग्डेन गावच्या कारागिराने. काडतुसाच्या पाठीशी मागेपुढे सरकणारा जो खटका, त्याला दोन्ही अंगांनी उभ्या पोलादी पट्ट्यांनी जखडून टाकण्याची त्याची युक्ती विंचेस्टर कंपनीने विकत घेतली, आणि १८८६ चे मॉडेल बाजारात आले. पुढे गोळीबाराचे शास्त्र फार दूर गेले, तरी त्या रायफलीची लिव्हर ओढताना जो स्निग्ध, विनातक्रार प्रवास हाताला जाणवतो, त्याची सर आजच्या किती यंत्रांना येईल, याविषयी मला शंका आहे.

या जातीच्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या एका पोकळ नळीत, म्हणजेच कोठारात, एकापाठोपाठ एक निजलेली असतात, म्हणजे प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडातील टोपीला टेकलेले असते. गोळी अणकुचीदार असेल तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने तीच टोपीवर आघात करून कोठारातच स्फोट घडवील, म्हणून येथे चपट्या नाकाची गोळी हा दंडकच पडला. चपटे नाक हवा कापीत नाही, हवेशी झुंजते, आणि वेग लवकर गमावते. कारखान्यात भरलेली नेहमीची ४०५ ग्रेनांची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे १,३३० फूट वेगाने निघते. तिचा नेम शंभर वारांवर बसविला असता दोनशे वारांवर ती सुमारे दोन फूट खाली उतरते. अलीकडे मऊ कृत्रिम टोकाच्या गोळ्या निघाल्याने हा उतार कमी झाला आहे. तरीही माझ्या मते ज्याला दोनशे वारांपलीकडच्या शिकारीची आस आहे त्याने या जातीच्या वाटेलाच जाऊ नये. दीडशे वारांच्या आत, झाडीच्या कडेला, संधिप्रकाशात, ही रायफल आपल्या घरी असते.

काडतूस ४५-७० चेच घ्यावे, हा माझा कौल मी आढेवेढे न घेता देतो. १९६४ साली मार्लिन कंपनीने आपले ४४४ काढले तेव्हा ४५-७० ची नवी लिव्हर रायफल कोणी बनवीतच नव्हते, आणि ती पोकळी त्याने काही काळ भरली. परंतु १९७२ मध्ये त्याच कंपनीने १८९५ हे जुने नाव नव्या रायफलीला देऊन तीत ४५-७० आणले, आणि मग ४४४ चे कौतुक आपोआप मागे पडले. २००० साली आलेले ४५० मार्लिन अधिक जोरकस खरे, पण ते दुकानात मिळणे कष्टाचे. राहता राहिले ४०५ विंचेस्टर. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत घेऊन गेले ते हेच, आणि दक्षिण भारतातील नरभक्षकांच्या मागावर केनेथ अँडरसन वर्षानुवर्षे वागवीत आले तेही हेच. त्याचा इतिहास मोहक आहे, पण पहिल्या खरेदीत इतिहासासाठी पैसे मोजण्याची आवश्यकता नाही.

त्या ४०५ शी माझा अल्पसा परिचय आहे. वडिलांच्या स्नेह्यांपैकी एका सेवानिवृत्त वनाधिकाऱ्यांकडे ती होती, आणि तिच्या दस्त्याच्या टोकाला बसविलेली अरुंद लोखंडी पट्टी मी बोटांनी चाचपून पाहिली होती. बार उडाला की सारा धक्का त्या पट्टीतून खांद्याच्या दोन बोटे जागेत उतरे, आणि दस्ता खाली झुकलेला असल्याने नळी उसळून दस्त्याची वरची कड गालफडावर आदळे. ते गृहस्थ खांद्याला दुमडलेला पंचा बांधूनच तिचा नेम तपासायला बसत! धक्का हा विषय विक्रेते हसण्यावारी नेतात, पण पहिल्या खरेदीचे भवितव्य तोच ठरवितो. ४५-७० ची तीच सव्वादोन तोळ्यांची गोळी सौम्य भरणीत एक प्रकारे वागते, आणि जादा दारूच्या भरणीत तिचा धक्का दुपटीच्या घरात जातो. सर्वसाधारण कारखानदार १८७३ च्या जुन्या लष्करी रायफली अद्याप कोणाच्या हाती असतील या धास्तीने आपली भरणी मुद्दाम सौम्य ठेवतात, आणि ही त्यांची सावधगिरी नवशिक्याच्या पथ्यावर पडते. ज्याने आरंभीच जोरदार भरणीची पेटी आणली, तो चाप ओढण्यापूर्वी डोळे मिटण्यास शिकतो. ही खोड एकदा शरीराने उचलली की ती सोडविण्यास हंगामच्या हंगाम खर्ची पडतात. हरणासाठी सौम्य भरणी पुरून उरते. अलास्कातील अस्वलांच्या गोष्टी वाचून ओहायोच्या मक्याच्या शेतात तोफ नेण्याचे प्रयोजन मला तरी समजलेले नाही.

याच कारणास्तव वजनाची काटकसर करू नये. साडेअठरा इंच नळीची आखूड 'गाइड गन' मार्लिनने १९९८ मध्ये काढली, ती दिसायला सुबक आणि झुडपांतून नेण्यास सोयीची आहे. परंतु धक्का आणि आवाज या दोन्ही बाबतींत बावीस इंची नळीची, सात-साडेसात पौंडांची रायफल अधिक समजूतदार वागते. दस्त्याच्या टोकाला जाड रबराची गादी असावी, आणि थंडीचा जाड कोट अंगावर घालूनच दस्त्याची लांबी तपासावी, कारण शिकार त्याच कोटात व्हावयाची असते. दुर्बीण बसवावयाची झाल्यास मार्लिनची ठेवण सोयीची, कारण तिचे रिकामे टरफल वर न उडता उजव्या अंगाने बाहेर पडते. तथापि दीडशे वारांच्या व्यवहाराला मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे पांढरा ठिपका एवढी सामग्री मला पुरेशी वाटते. घोड्यापुढील आडव्या सेफ्टीच्या बटणावर जुन्या परंपरेचे अभिमानी फार रुष्ट असतात. सौंदर्यदृष्ट्या त्यांचे म्हणणे खरे आहे. पण गारठलेल्या अंगठ्याने, नळीत काडतूस असताना, घोडा हळूच अर्ध्यावर उतरविण्याचा प्रसंग ज्याने अनुभवला आहे तो त्या बटणाला कुरूप म्हणणार नाही.

लिव्हर ओढण्याविषयी एक सूचना अवश्य केली पाहिजे. संकोचाने, यंत्र मोडेल या भीतीने, नवशिके ती अर्ध्यावरच परत आणतात. मग रिकामे टरफल बाहेर पडत नाही, नवे काडतूस वर चढू पाहते, आणि दोघे दारातच अडकून बसतात. ती शेवटपर्यंत खाली, आणि तितक्याच ठामपणे वर, दस्ता खांद्यावरून न काढता न्यावी. दुकानात रिकाम्या रायफलीवर, मालकाची परवानगी घेऊन, हीच क्रिया करून पाहावी, म्हणजे कोठे अडखळते ते तेथेच कळते.

रुगर कंपनीने २०२० मध्ये मार्लिनचे नाव विकत घेऊन २०२१ च्या अखेरीस १८९५ पुन्हा बाजारात आणली आहे, तेव्हा नवी मिळण्यास हरकत नाही. परंतु भाच्याचा ओढा जुन्याकडे आहे, म्हणून त्याला एवढेच कळविले की, जुनी घेताना लाकडाच्या चकाकीकडे न पाहता नळीच्या तोंडाकडे पाहावे. मार्लिनची लिव्हर एक स्क्रू काढताच सुटते, खटका मागून निघतो आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते; ज्या जातींत ही सोय नाही त्यांत साफसफाईची सळई वर्षानुवर्षे तोंडातून आत जाते, आणि आतल्या वळणदार खाचांची शेवटची कड एका बाजूला झिजते. ती कड उजेडात धरून, रायफल गोल फिरवीत, भिंग लावून पाहावी. एका अंगाला ती गुळगुळीत झाली असेल तर किंमत कितीही उतरविली तरी व्यवहार करू नये.