दोन करवती : ठेवाव्या की एक विकावी?
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



चुलत्यांचा कारखाना आपल्या कारखान्यात मिळाला, की एकाच छपराखाली दोन बँडसॉ यंत्रे येतात आणि घरात वाद सुरू होतो. धाकटे म्हणतात, एक विकून जागा मोकळी करू. वडीलधारे म्हणतात, लक्ष्मी दाराबाहेर काढू नये. आमच्या मते हा निवाडा पात्यावरून करावा.

रुंद व अरुंद पटाशी दिसावयास सारख्याच, म्हणून कोणी सुतार त्यांतील एक विकीत नाही. येथेही तसेच आहे. जाड ओंडा चिरावयास पाऊण इंची रुंद पाते हवे. खुर्चीच्या पाठीचे वळण कापावयास पाव इंची. दोन्ही कामे एकाच यंत्रावर करावयाची, तर दर वेळी ताण सैल करून पाते उतरवावे, दुसरे चाकांवर बसवावे, पुन्हा ताण देऊन आधार जुळवावे. घाईत ते चुकल्यास काप वाकडा जातो आणि सागवान वाया जाते.

म्हणून तीन महिने एका यंत्रावर कापड घालून सर्व काम दुसऱ्यावर करावे, व पाते बदलताना पाटीवर रेघ ओढावी. रेघा रोजच्या झाल्या, तर दोन्ही ठेवावी. पाटी कोरी राहिली, तर धूळ खाणाऱ्या यंत्राने पूर्वजांचा मान राहत नाही. ते समाजातील नवा धंदा मांडणाऱ्या मुलास रास्त भावात, जमल्यास हप्त्याने द्यावे. यंत्र चालते राहील आणि आणखी एका घराची चूल पेटेल.