पास तपासला, माणूस राहिला

(बंगळूर येथे रेल्वे आणि विमानतळ कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आम्ही रेल्वेची माणसे. मॅट्रिक झालो आणि रुळावर आलो. विमानाच्या गोष्टी तुम्हाला शिकवाव्यात एवढी आमची विद्या नाही. तरी 'विमानतळाची सुरक्षा आणि कामगार' हा विषय आमच्याकडे आला, कारण गाडी असो की विमान, त्याला रोज हात लावणारा कामगारच असतो. म्हणून आज एका कामगाराचीच हकीकत सांगणार आहोत.

अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ सी-टॅक नावाचे मोठे विमानतळ आहे. 10 ऑगस्ट 2018 ची संध्याकाळ. होरायझन एअर कंपनीचा जमिनीवरचा एक कामगार नेहमीप्रमाणे ड्यूटीवर आला. सामान चढवणे-उतरवणे, विमान ओढून जागेवर लावणे हे त्याचे काम. नोकरीला साडेतीन वर्षे झालेली. गळ्यात पास, अंगावर गणवेश, तपासणी झालेली. त्याने एका कडेला उभ्या असलेल्या 76 आसनी रिकाम्या विमानाला ट्रॅक्टर जोडला, विमान वळवले, आत चढला आणि एकट्याने ते आकाशात नेले. विमान चालवण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. लढाऊ विमाने मागे धावली. नियंत्रण कक्षातले लोक सव्वा तास त्याच्याशी शांतपणे बोलत राहिले, खाली उतर म्हणून विनवत राहिले. शेवटी विमान केट्रॉन नावाच्या लहान बेटावर कोसळले. तो एकटाच गेला. जमिनीवर कोणाला इजा झाली नाही, हे नशीब.

तपास झाला. घातपात नव्हता, कट नव्हता, साथीदार नव्हता. त्या संभाषणात त्याने किमान वेतनाचा विषय काढला होता, आणि आपल्यावर माया करणाऱ्यांची माफीही मागितली होती. साथींनो, पगार कमी म्हणून हे घडले असे सांगून आम्हाला इथे टाळ्या घेता येतील. पण ते प्रामाणिक होणार नाही. माणूस आतून का मोडतो, त्याचे एकच कारण नसते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या विमानतळांची सुरक्षा अपहरणाच्या भीतीतून उभी राहिली. 1976 साली इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले, त्यानंतर 1978 साली नागरी विमान सुरक्षेसाठी वेगळा विभाग निघाला. 1999 च्या डिसेंबरात कंदाहारचे प्रकरण झाले, आणि पुढच्याच वर्षापासून विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल येऊ लागले. 2008 च्या मे महिन्यात देवनहळ्ळीचे नवे विमानतळ सुरू झाले ते याच बंदोबस्तात. ही सगळी व्यवस्था बाहेरून येणाऱ्या शत्रूला अडवण्यासाठी आहे आणि ती हवीच. पण सी-टॅकचा कामगार बाहेरचा नव्हता. प्रत्येक दारावर तो 'ठीक आहे' ठरला होता. पास तपासला गेला, माणूस तपासायचा राहिला.

मग करायचे काय? अशी घटना घडली की व्यवस्थापनाला पहिला उपाय सुचतो तो कामगाराचे खिसे आणखी दोनदा उलटे करण्याचा. आम्ही तपासणीच्या विरुद्ध नाही. हजारो प्रवाशांचा जीव आहे. पण खिशात काही नसलेल्या माणसानेच ते विमान नेले, हे विसरता कामा नये.

रेल्वेने यातून एक गोष्ट फार पूर्वी शिकली आहे. एकट्या माणसाच्या मर्जीवर गाडी सुटत नाही. पुढच्या स्टेशनचा लाइन क्लिअर लागतो, सिग्नल लागतो, गार्डची खूण लागते, इंजिनात ड्रायव्हरबरोबर सहायक असतो. यात कोणावर अविश्वास नाही. माणूस आहे, चुकेल, थकेल, म्हणून दुसरा सोबत. आणि जिथे ही सोबत तुटते तिथे काय होते? 8 नोव्हेंबर 2017 रोजी आपल्याच कर्नाटकात, वाडी जंक्शनवर, चेन्नई-मुंबई मेलचे विजेचे इंजिन सोडवून ठेवले होते. ड्रायव्हर खाली उतरला आणि इंजिन आपले आपण चालू लागले. पुढची लाइन मोकळी करत गेले आणि रेल्वेच्याच माणसांनी मोटरसायकलवरून पाठलाग केला. तेरा किलोमीटरवर नालवारजवळ एकाने इंजिनात चढून ते थांबवले. कामगारांनीच ते संकट निवारले.

सी-टॅकनंतर कंपनीनेच सांगितले की असल्या विमानाला मोटारीसारखी किल्ली नसते. किल्ली नसेल तर दुसरा माणूस हीच किल्ली समजा. उभ्या विमानाजवळ कोणीही एकट्याने जायचे नाही, ट्रॅक्टर एकट्याच्या सहीवर निघायचा नाही. ही मागणी संघटनेने स्वतः होऊन केली पाहिजे. यात माणसे जास्त लागतील, आणि म्हणूनच व्यवस्थापन आपणहून ती करणार नाही.

दुसरी गोष्ट अवघड आहे. देवनहळ्ळीचा लोडर रात्रपाळीला शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतो. त्याचा पास ठेकेदाराच्या नावावर मिळतो, ठेका गेला की पास गेला. असा माणूस 'माझे मन ठिकाणावर नाही' हे कोणाला सांगेल? सांगितले तर उद्यापासून भाकरी बंद. म्हणून तो गप्प राहतो. आणि नुसते कामावरून दूर केल्यानेही भागत नाही. 1999 च्या ऑक्टोबरात आफ्रिकेत बोट्सवाना देशात, आजारपणामुळे उड्डाणाला मनाई झालेल्या एका वैमानिकाने रिकामे विमान नेले आणि ते कंपनीच्याच उभ्या विमानांवर घातले. मनाईचा कागद निघाला होता. त्या माणसाचे पुढे काय, हे कोणी पाहिले नव्हते.

दोष फक्त मालकाला देऊन आम्ही खाली बसणार नाही. आमच्या शाखेत एक फिटर साथी होता. हसतमुख माणूस. हळूहळू डबा एकटाच खाऊ लागला, सभेला येईना. दोन महिन्यांची वर्गणी थकली तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो, ते वर्गणी मागायला. दार त्याच्या बायकोने उघडले आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही आधी का नाही आलात?" तो वाचला, आज कामावर आहे. पण ते वाक्य अजून आमच्या कानात आहे. वर्गणीची वही आम्ही महिन्याला तपासत होतो, माणसाला नाही. मग व्यवस्थापनात आणि आमच्यात फरक काय राहिला?

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. तपासणी होऊ द्या, पण ती साहेबापासून लोडरपर्यंत सर्वांची सारखी आणि अब्रू राखून. विमानाजवळ एकटा माणूस नको. जो मदत मागेल त्याचा पास आणि पगार त्या कारणाने जाता कामा नये, बरा होईपर्यंत त्याला दुसरे काम द्या. आणि प्रत्येक पाळीत संघटनेचा एक माणूस असा हवा, ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल.

या कामात याच शहराची मदत आहे. होसूर रस्त्यावरची निम्हान्स संस्था जिच्या केंद्रस्थानी आहे ती सरकारची टेली-मानस सेवा 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. 14416 हा क्रमांक फुकट लागतो, रात्री-बेरात्रीही, आणि मराठीतही बोलता येते. हा आकडा युनियनच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.

सी-टॅकच्या त्या कामगाराशी शेवटचा सव्वा तास जग बोलत होते. आधीच्या साडेतीन वर्षांत ट्रॅक्टरवर शेजारी बसून कोणी त्याला विचारले असते तर काय झाले असते, हे आता सांगता येत नाही. पण आपल्या शेजारचा साथी अजून आहे. आज पाळी सुटल्यावर त्याला विचारा, "बाबा रे, बरा आहेस ना?" आणि उत्तर ऐकायला थांबा.

कामगार एकजुटीचा विजय असो.