दार वाऱ्यासाठीं कीं वाटेसाठीं?



पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दौंड तालुक्यांत, यवत हें गांव लागतें. तुकोबारायांच्या पालखीचा एक मुक्काम येथें काळभैरवनाथाच्या देवळांत असतो आणि त्या रात्रीं गांवकरी वारकऱ्यांना पिठलें-भाकरी वाढतात. एका जागीं पुष्कळ माणसांची सोय लावणें या गांवाला नवें नाहीं. परंतु वारीचा मेळा बराचसा उघड्या आभाळाखालीं विसांवतो. लग्नें, व्याख्यानें, परीक्षा आणि रुग्णालयें यांची गर्दी मात्र चार भिंतींच्या आंत असते. वैशाखांत अशा भरलेल्या सभागृहांत जीव कासावीस होतो. मग कोणी तरी उठून संकटकाळासाठीं राखलेलें दार उघडतो आणि तें मिटूं नये म्हणून त्याच्या तळाशीं एक वीट सारून ठेवतो. त्या विटेविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अशीं दारें दोन प्रकारचीं असतात आणि त्यांचे धर्म भिन्न आहेत. पहिलें दार सभागृहांतून सरळ अंगणांत उघडतें. तें उघडें राहिलें तर बाहेर पडणाऱ्याची वाट अडत नाहीं. त्याच्यापुढें खुर्च्यांची चळत, मांडवाचें सामान किंवा वाहनें नसावींत, एवढेंच पाहावयाचें. दुसरें दार सभागृह आणि जिना यांच्यामध्यें असतें. अनेक मजल्यांच्या इमारतींत हें दार आगीला कांहीं काळ थोपवून धरील असें मुद्दाम बनविलेलें असतें आणि माणूस गेल्यावर तें आपोआप मिटावें अशी त्याला योजना असते. वाट देणें एवढेंच त्याचें काम नव्हे. ती वाट धुरापासून राखणें हेंही त्याचें काम आहे. त्याच्या तळाशीं वीट सारली कीं हें दुसरें काम संपलें.

आगींत ज्वाळांपेक्षां धुरानेंच अधिक बळी जातात. तप्त धूर हलका असल्यामुळें वर चढतो आणि उंच, अरुंद जिना त्याला धुराड्यासारखा ओढून घेतो. ज्या झुळुकेसाठीं दार उघडें ठेवलें, तीच आगीला हवा पुरविते. वरच्या मजल्यांवरील लोक उतरावयास धांवतात तों जिना धुरानें भरलेला असतो. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाहीं आणि वासही नाहीं; तो दाट असला तर कांहीं मिनिटांतच मनुष्याची शुद्ध हरपते.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत 13 जून 1997 रोजीं खालच्या वाहनतळाजवळील विद्युत-रोहित्रापासून आग लागली. धूर जिन्यानें चढून बाल्कनीपर्यंत पोंचला आणि 59 माणसें मृत्युमुखीं पडलीं. बहुतेकांचा अंत गुदमरून झाला. न्यूयॉर्क शहरांतील ब्राँक्स भागांत 9 जानेवारी 2022 रोजीं एका 19 मजली इमारतींत खोली तापविण्याच्या विजेच्या शेगडीमुळें आग लागली. आग स्वतः फार दूर गेली नाहीं. परंतु त्या बिऱ्हाडाचें दार आणि वरच्या एका मजल्यावरील जिन्याचें दार, हीं आपोआप मिटावयाचीं दारें उघडीं राहिलीं आणि धूर साऱ्या इमारतींत पसरला. 17 जीव गेले; त्यांत 8 मुलें होतीं.

विटेपासून आणखी एक अनर्थ संभवतो. दार सदा उघडें राहिलें कीं भटकीं कुत्रीं शिरतात, सामान चोरीस जाण्याचें भय वाटतें. मग व्यवस्थापक कंटाळून त्या दाराला कुलूपच घालतो. बंद कुलपाचा अर्थ काय होतो तें आपल्या शेजारींच दिसलें आहे. पुण्याजवळ उरुळी देवाची येथें 9 मे 2019 रोजीं पहांटे कापडाच्या एका दुकानास आग लागली. दुकानाला बाहेरून कुलूप होतें आणि आंत झोंपलेले 5 कामगार प्राणास मुकले.

आतां, वीट ठेवणाऱ्यास केवळ दोष देऊन भागणार नाहीं. त्याला उकडत होतें, ही गोष्ट खरी आहे. हवेची सोय इमारतीनें केली नाहीं, म्हणून त्याला ती दारापाशीं शोधावी लागली. आपल्या देशावरच्या धाब्याच्या घरांत छताला सवणें ठेवीत. त्यांतून उजेड येई आणि चुलीचा धूर निघून जाई. दाराचें काम दाराकडे आणि हवेचें काम सवण्याकडे, अशी ती वांटणी होती. आजच्या सभागृहांतही समोरासमोर खिडक्या, छताजवळ झरोके आणि कोंदट हवा बाहेर टाकणारे पंखे असले, तर वीट शोधण्याची पाळी येणार नाहीं. येण्याजाण्यासाठीं जिन्याचें दार उघडें ठेवणें भागच असेल, तर त्यालाही विटेहून बरा उपाय आहे. विजेचा लोहचुंबक दाराला धरून ठेवतो आणि धोक्याची घंटा होतांच किंवा वीज जातांच सोडून देतो. दार आपोआप मिटतें.

महाराष्ट्रांत 2006 सालच्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानें ही जबाबदारी इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर ठेविली आहे. अग्निसुरक्षेची व्यवस्था सुस्थितींत असल्याचें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र त्यांनीं दरवर्षीं जानेवारी आणि जुलै या महिन्यांत सादर करावयाचें असतें. परंतु प्रमाणपत्र जानेवारींत मिळतें आणि वीट वैशाखांत येते. तेव्हां पाहणाराचे डोळे आपलेच असले पाहिजेत.

यापुढें घरच्या कार्यासाठीं कार्यालय ठरवावयास जाल, तेव्हां भटारखाना आणि वरपक्षाच्या खोल्या पाहतां तसें मागचें दारही पाहा. तें हातानें ढकलून पाहा. एका ढकलण्यासरशीं बाहेरच्या बाजूस उघडतें कीं नाहीं, त्यापुढची वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें तपासा. वरच्या मजल्यावर असाल तर जिन्याचें दार सोडून द्या आणि तें आपोआप मिटतें कीं नाहीं तें बघा. तळाशीं वीट दिसली तर ती उचला. आणि मालकाला कुलपाविषयीं जसें विचाराल, तसेंच खिडक्यांविषयींही विचारा.