नाईक यशवंत घाडगे यांची पलटण



गणेशोत्सव जवळ आला, की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतची असंख्य कुटुंबे मुंबई-गोवा मार्गाने कोकणाकडे निघतात. वाटेत रायगड जिल्ह्यातील माणगाव लागते. तेथे तहसील कार्यालयाच्या आवारात एका सैनिकाचा पुतळा उभा आहे. तो पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातला. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून इटलीत लढत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चढाई केली. घाडगे एका सेक्शनचे प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधील प्रत्येक जण ठार वा जखमी होऊन पडला.

मागे फिरण्यास पुरेसे कारण होते. घाडगे एकटेच पुढे धावले. प्रथम हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा सैनिक निकामी केला. टॉमीगनने दुसऱ्याला टिपले. मॅगझिन बदलण्यास उसंत नव्हती. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्याच तडाख्यांनी उरलेल्या दोघांना लोळविले. ठाणे हाती आले. परंतु दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत शिरल्या. घाडगे तेथेच धारातीर्थी पडले. वयाची तेविशीही पुरी झाली नव्हती.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ज्यांच्या समाधीचा ठाव लागला नाही, अशा वीरांच्या कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. २०२३ साली इटलीतील मोंतोने गावात त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ-स्मारकही उभे राहिले.

येथे एक प्रश्न मनाला टोचतो. गणवेश परकीय राजाचा, रणभूमी परकी, पदकही परकीयांचेच. मग या बलिदानाशी स्वतंत्र भारताचे नाते कोणते?

याचे उत्तर त्यांच्या पलटणीच्या इतिहासात सापडते. हीच पलटण पुढे छत्रीधारी झाली. १९४८ साली ती काश्मीरमध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधून लढली. पाकिस्तानने बळकावलेले झांगर त्या वर्षी मार्चमध्ये परत मिळाले, त्या लढाईचा युद्धसन्मान या पलटणीच्या नावे आहे. १९५२ साली तिला '२ पॅरा' हे नाव मिळाले. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ आकाशातून उतरलेले जवान तिचेच, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम पाऊल ठेवणारेही तेच.

पलटणीचे नाव बदलले, निशाण बदलले, मालकही बदलला. बदलला नाही तो, सोबती पडल्यावरही पुढे जाण्याचा धडा. तो पुस्तकातून येत नाही. कोणीतरी आधी प्राण देऊन तो घालून द्यावा लागतो. घाडगे यांनी तो इटलीत घालून दिला. त्याचे फळ मात्र स्वतंत्र भारताच्या पदरात पडले. परकीयांचे पदक जाहीर होण्यापूर्वीच त्यांचे कार्य पूर्ण झाले होते.

यापुढे गावी जाताना माणगावात गाडी पाच मिनिटे थांबवावी. मुलांना त्या पुतळ्यापाशी न्यावे आणि इटलीपासून ढाक्यापर्यंतची ही वाट त्यांना सांगावी.